नोकरीतला न्याय आणि कामाची उमेद
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कामाच्या ठिकाणच्या न्यायावर बोला, असे कार्यकारिणीने मला सांगितले. विषय जड वाटतो खरा. पण आपल्या मुलुंडच्या कित्येक घरांना तो परका नाही. आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, एके काळी औषधांचे कारखाने होते. बाटल्यांना लेबले लावावयाला आणि खोकी भरावयाला आपल्याच चाळींतल्या मुली तेथे जात. मीही त्यांतलीच एक.

या कामातली एक हकिगत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली आहे. मुंबईतील इंटरनॅशनल फ्रँचायझेस या औषधांच्या कंपनीत असा नियम होता की, बाईचे लग्न झाले की तिची नोकरी आपोआप संपली! बॉम्बे लेबर युनियनने तक्रार केली. औद्योगिक न्यायाधिकरणाने ती मानली नाही. परंतु १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम काढून टाकावयास लावला. कंपनीचे म्हणणे असे, की बायका येथे गटाने काम करतात आणि लग्न झालेल्या बाईचे खाडे फार होतात. खाडे काय कुमारिकेचे होत नाहीत, की विधवेचे होत नाहीत? थोरल्या मुलीवर म्हाताऱ्या आईबापांचे किती करावे लागते, ते आपल्याला का कोणी सांगावयाला हवे? न्यायालयालाही त्या म्हणण्याला पुरावा दिसला नाही. फरक बाळंतपणाच्या रजेपुरता. आणि तेवढ्याकरिता काही बायका जादा ठेवता येतात, असे त्याने सांगितले.

मी १९७४ साली कामाला लागले तेव्हा लग्नाची अशी अट आमच्याकडे नव्हती. पगारही वेळेवर होई. दुखणे निराळेच होते. ओव्हरटाइम कोणाला आणि खिडकीजवळचे टेबल कोणाला, हे सुपरवायझरच्या मर्जीवर चाले. मर्जीतल्या चौघींचे ठरलेले. बाकीच्यांनी कारण विचारले तर उत्तर नाही. भांडण कोणी केले नाही. पण हात मंद झाले. पूर्वी एखादे लेबल उलटे किंवा भलत्याच औषधाचे दिसले तर आम्ही पट्टा थांबवून ओरडत असू. आता "मला काय त्याचे?" असे म्हणून बायका मान खाली घालू लागल्या. औषधाच्या कारखान्यात ही गोष्ट साधी नाही, बरे का! ती बाटली कोणाच्या तरी घरी जावयाची असते. आणि ज्या चौघींना मिळे त्याही सुखी नव्हत्या. त्यांच्याजवळ डबा खावयास कोणी बसेना.

पुढे युनियनच्या आग्रहाने पाळीपत्रक फळ्यावर लागू लागले. एका पैशाने पगार वाढला नव्हता. पण महिन्याभरात पट्ट्यावरचा आवाज परत आला. कमी मिळाले तरी माणूस सोसतो. आपल्याला का कमी, हे कोणी सांगत नाही, ते सोसत नाही.

पगारातला अन्यायही होताच. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतल्या ऑड्री डिकॉस्टा या स्टेनोग्राफर बाईंना पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा कमी पगार मिळत असे. त्यांचा निकाल सर्वोच्च न्यायालयात १९८७ साली लागला, आणि त्यांच्या बाजूने लागला. वेतनाचा जो करार कंपनी पुढे करीत होती, त्यावर युनियनचीही सही होती. तेव्हा युनियन आहे म्हणून बायकांनी निर्धास्त राहावे, असेही नाही.

आता आपल्या घरचे बोलते. दिवाळीच्या फराळाला मंडळ वीसएक बायकांना काम देते. चकलीचा किलोमागचा दर ठरलेला आहे. करंजीचा मात्र आयत्या वेळी ठरतो, आणि जादा ऑर्डर आली की ती कोणाला द्यावयाची हेही तोंडी ठरते. तोंडी ठरवणाऱ्यांच्या मनात काही वावगे असते असे मी म्हणत नाही. माझ्या सुपरवायझरच्याही मनात ते असेलच असे नाही. पण ज्या बाईला ऑर्डर मिळत नाही तिला कारण कळत नाही, आणि विचारावयाला ती धजत नाही. सगळे दर आणि जादा कामाची पाळी नवरात्रापूर्वी फळ्यावर लिहावी, असा ठराव मी येत्या सभेत मांडणार आहे. अनुमोदन द्यावयाला एक भगिनी हवी आहे. फराळ करणाऱ्यांपैकी कोणी उठली तर फारच चांगले.