बी नसलेलं गवत

(आंधळगाव येथील हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



धान घरात आलं, मंडई होऊन गेली, आता जरा सवड आहे म्हणून तुम्ही मला उभं केलंत. मघाशी मांडवाबाहेर कोणीतरी म्हणालं, "गवतावर भाषण? आता तेवढंच राहिलं होतं!" त्यांचंही खरं आहे. गवतावर बोलणारा सापडतो, कापणारा सापडत नाही. मी गेली पंचवीस-तीस वर्षं ते कापत आलो आहे, म्हणून बोलायचं धाडस करतो.

आपल्या मोहाडी तालुक्यातल्या गाईचं जेवण म्हणजे धानाचं तणस. सकाळी तणस, संध्याकाळी तणस, मधल्या वेळात धुऱ्यावर तोंड मारेल तेवढं हिरवं. तणसानं पोट भरतं, अंगी लागत नाही. त्याच्या कोरड्या वजनात प्रथिनं असतात शेकड्याला तीन-चार भाग, आणि वाळूच्या जातीचं सिलिका भरपूर. गाय रवंथ करते, आपल्याला वाटतं खाते आहे. त्यातही आता हार्वेस्टर बांधीत उतरला. धान कापतो, झोडपतो आणि तणसाचा चुरा मागे शिंपून निघून जातो. पूर्वी कोठ्यावर तणसाचा ढीग उन्हाळाभर पुरायचा. आता कित्येक घरी होळीलाच तळ दिसतो.

मग लोक हत्तीगवताकडे वळतात. कोणी गजराज म्हणतं, कोणी नुसतं नेपियर. हे गवत मूळचं आफ्रिकेतलं, नद्या-ओढ्यांच्या काठी माणसाच्या डोक्यावर जाणारं. ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, बुलावायो इथले कर्नल नेपियर म्हणून एक गृहस्थ होते. हे गवत गुरांना चांगलं, हे त्यांनी १९०९ च्या सुमारास तिथल्या शेतकी खात्याच्या नजरेला आणलं आणि त्यांचंच नाव त्याला चिकटलं. तिथल्या गुराख्यांना ते आधीपासून ठाऊक असणारच. पण नाव पडतं ते कागदावर लिहिणाऱ्याचं. १९१२ मध्ये ते हिंदुस्थानात आलं. परदेशी म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एवढंच सांगतो की आपली ज्वारी आणि बाजरी दोन्ही आफ्रिकेच्याच लेकी. हजारो वर्षांपूर्वी आल्या, म्हणून माहेर विसरलं गेलं इतकंच.

आज आपण लावतो ते मात्र निव्वळ नेपियर नव्हे. बाजरी आणि नेपियर ही एकाच कुळातली. कोइमतूरला १९५३ मध्ये दोघांचा संकर झाला, पुढे अनेक ठिकाणी झाला. आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं यशवंत आणि फुले जयवंत हे वाण दिले. बाजरीकडून मऊ, रसाळ पान आलं, नेपियरकडून वर्षानुवर्षं फुटत राहणारं खोड आलं. पण एक गोष्ट कोणाकडूनच आली नाही. बाजरीत गुणसूत्रं १४, नेपियरमध्ये २८. एकाचा निम्मा वाटा सात, दुसऱ्याचा चौदा, बेरीज एकवीस. एकवीसच्या जोड्या लागत नाहीत, म्हणून या गवताला बी धरत नाही. घोडी आणि गाढव यांच्या खेचरासारखं आहे हे. तुरा येतो, हलतो, डौलात दिसतो, आत काही नाही.

म्हणून हे गवत वाऱ्यानं उडून कोणाच्या बांधीत गेलं नाही, पाखरानं नेलं नाही. तुमच्या परसात ते असेल तर कोणीतरी कांडी तोडून तुमच्या हातात दिली म्हणून आहे. पाहुण्याच्या घरून येताना सायकलच्या कॅरिअरला बांधून आणलेलं, नाही तर लग्नाहून परतताना पिशवीत घातलेलं. माझं पहिलं बेणं असंच आलं. आणि मी ते सरळ बांधीत लावलं, कारण जमीन काळी, सकस, ओल टिकवणारी. जून-जुलैत असं फोफावलं की येणारा-जाणारा थांबून बघायचा. ऑगस्टमध्ये आठ दिवस झड लागली, बांधीत गुडघाभर पाणी साचलं आणि पाणी उतरलं तेव्हा बुडखे हातानं उपटले जात होते. धानाला उभं पाणी हवं, या गवताला उभं पाणी चालत नाही. एवढी साधी गोष्ट मला एक हंगाम घालवून कळली.

मग लावायचं कुठं? माझं उत्तर ठाम आहे. कोठ्याच्या मागं, जिथं गुरं धुतलेलं पाणी आणि मूत वाहत जातं तिथं. नाही तर विहिरीच्या, बोअरच्या पाटाला लागून. धुऱ्यावर लावा असं सगळे सांगतात. त्याचा हिशेब करू. शंभर मीटर धुरा, दोन फुटांवर एक ठोंब, म्हणजे साधारण १६५ ठोंबं. शिफारशीचं अंतर तीन फूट बाय दोन फूट, तसं हेक्टरी साडेअठरा हजार ठोंबं बसतात. उत्तम पाणी-खतावर हेक्टरी दीडशे टन हिरवा चारा धरला तर ठोंबामागं वर्षाला आठ किलो. १६५ ठोंबांचे तेराशे किलो, म्हणजे दिवसाला साडेतीन किलो. हे उत्तम निगराणीत. आपल्या धुऱ्याला फेब्रुवारीनंतर पाणी कुठलं? निम्मं धरा. पावणेदोन किलो, म्हणजे एका गाईचा घास-दोन घास. धुऱ्यावर लावू नका असं नाही म्हणत, पण त्यावर गाय जगेल असं समजू नका. कोठ्याजवळ पाच आर जागा पाण्याखाली ठेवली आणि आपल्या हातून निम्मंच पीक निघालं तरी रोज दहा किलो मिळतं. झाडीपट्टीतली आपली गाय लहान चणीची. तणसाबरोबर दहा किलो हिरवं तिला पुष्कळ झालं.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि ती आपण कौतुकानं करतो. गवत डोक्यावर जाऊ देतो. पोरं त्यात लपतात, फोटो काढतात. अहो, फोटो गाय खात नाही! गवत कमरेच्या वर, छातीशी आलं की विळा लावायचा. लागवडीनंतर पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, पुढच्या दीड-दीड महिन्याच्या अंतरानं. कोवळ्या चाऱ्याच्या कोरड्या वजनात प्रथिनं आठ-दहा टक्के असतात. आठ फूट झालं की खोडाची काठी होते, गाय पानं ओरबाडते आणि दांडे पायाखाली तुडवते. कापताना जमिनीपासून वीतभर बुडखा ठेवा. जमिनीलगत खरवडलं की पुढचा फुटवा दुबळा येतो, आणि दोन-तीन वेळा असं झालं की ठोंब बसतं. प्रत्येक कापणीनंतर पाणी द्या, आणि मुताचं पाणी पोचत नसेल तिथं शेणखतही. कडबाकुट्टी यंत्र असेल तर तुकडे करून द्या, बरीच नासाडी तिथंच थांबते.

हिवाळ्यात मात्र ते रुसतं. आता कोणाच्या घरी असेल तर बघा, पानं पिवळट, वाढ थांबलेली. लोक घाबरून युरिया फेकतात. थंडीत मूळ खातच नाही, युरिया वाया जातो. उन्हाळी ताणानंतर पाऊस पडला आणि त्यावर युरिया दिला तर त्याहून वाईट. खोडाच्या खालच्या भागात नायट्रेट साठतं, आणि तसं गवत भुकेल्या जनावरापुढं टाकलं तर ते जिवावर बेतू शकतं. कोठ्याच्या मुतावर वाढणाऱ्या गवतालाही हीच भीती. तिथं वरून खत घालूच नका.

आणखी एक गोष्ट आपल्या भंडाऱ्यासाठी मुद्दाम सांगतो. या गवतात ऑक्झलेट असतं, कोवळ्या फुटव्यात जास्त. ते पोटात कॅल्शियमला बांधून टाकतं. आता गंमत अशी की धानाच्या तणसातही ऑक्झलेट असतं. म्हणजे तणस आणि गजराज एवढ्यावरच ठेवलेली दुभती गाय दोन्ही बाजूंनी लुटली जाते. दूध निघतं, हाडं रिकामी होतात, आणि एखाद्या वेळी व्यालेली गाय उठतच नाही. म्हणून सोबत द्विदल हवंच. लाखोळीचं भूस आपल्याकडं आहेच. चवळी, दशरथ घास लावता येतो, शेवरीचा पाला मिळतो. रोज खनिज मिश्रण द्या. आणि नवं गवत सुरू करताना पहिल्या दिवशी दोन किलो, मग हळूहळू दोन-तीन आठवड्यांत वाढवा. गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव ऑक्झलेट पचवायला शिकतात, पण त्यांना वेळ द्यावा लागतो.

कोणी विचारेल, पाणथळ जागेचं काय? तिथं पॅरा गवत येतं. तेही आफ्रिकेचंच, नाव मात्र ब्राझीलच्या पारा प्रांताचं. पाण्यात उभं राहतं, गाय आवडीनं खाते. पण ते कोणी मामा तलावात, म्हणजे माजी मालगुजारी तलावात, लावायचं म्हणालं तर माझा विरोध आहे. ते पाण्यावर जाळं पसरतं आणि देवधान, कमळकंद, मासोळीच्या जागा गिळतं. बेशरमाची झुडपं तलावांतून काढता काढता ढिवर बांधवांच्या कमरेचे काटे ढिले झाले. आपण आपल्या हातानं दुसरं काही लावायला नको.

कांडी हातोहात फिरते तसा रोगही फिरतो. केनिया, युगांडात घरोघरी गाईला बांधून हेच गवत कापून घालतात. तिथं नेपियर खुजं करणारा एक रोग पसरला. ठोंब ठेंगणं, पिवळं राहतं आणि काही कापण्यांत मरतं. आजारी ठोंबाची कांडी दिली की रोग शेजारच्या घरी पोचतो. आपल्याकडं कांडी घेताना निदान ठोंब डोळ्यांनी बघून घ्यावं. पिवळं, खुरटं असेल तर नको म्हणायला लाजू नये.

मांडवाच्या कडेला मी काही कांड्या आणून ठेवल्या आहेत. त्या फक्त दाखवायला. तीन-चार महिन्यांच्या खोडाचा खालचा भाग आहे, प्रत्येक तुकड्याला दोन डोळे. तिरकी लावायची, एक डोळा मातीत, एक वर. आज घरी नेऊ नका, या थंडीत त्या कुजतील. पाणी असेल त्यांनी फेब्रुवारीच्या शेवटी माझ्याकडं यावं, नसेल त्यांनी मृग लागल्यावर यावं. विळा आपापला आणावा, माझ्याकडं एकच आहे आणि त्याची मूठ हलते.