घरी विचारलंत का?

(८ मार्चच्या निमित्ताने कोल्हापूर जिल्ह्यात भरलेल्या महिला मेळाव्यात पार्लर चालवणाऱ्या एका मैत्रिणीने मांडलेले मनोगत. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मी भाषण करणारी बाई नाही. मला बोलता येतं, पण माणसाच्या पाठीमागं उभं राहून. पंचवीस वर्षं मी अशीच बोलत आलेय. खुर्चीत बाई बसलेली, माझ्या हातात कंगवा आणि कैची, आणि दोघींची नजरानजर आरशात. आज मध्ये आरसा नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही नाभिक. माझे आजोबा धोकटी घेऊन घरोघर जायचे आणि सुगीला बलुतं म्हणून धान्य आणायचे. वडिलांनी स्टँडजवळ एक खुर्ची टाकून दुकान काढलं. केसांचा धंदा घरात पिढ्यान्‌पिढ्या, पण वस्तऱ्याला बायकांनी हात लावायचा नाही. टॉवेल धुवायचे आईनं, पाणी तापवायचं आईनं, दुकान झाडायचं आम्ही बहिणींनी. हातातली कला मात्र भावांना शिकवायची.

आणि हे काही आमच्याच घरात होतं असं नाही. हिंदी सिनेमाच्या धंद्यात बायकांनी केस करायचे, चेहऱ्याची रंगभूषा पुरुषांनीच करायची, असा कित्येक दशकं नियम होता. एक रंगभूषाकार बाई त्याविरुद्ध कोर्टात गेली आणि १० नोव्हेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं तो नियम रद्द ठरवला. आमच्या जिल्ह्यात तर त्याच्या कितीतरी आधी हसूरसासगिरीच्या शांताबाई यादवांनी नवऱ्याच्या माघारी मुलींना जगवण्यासाठी वस्तरा हातात घेतला आणि गावच्या पुरुषांच्या दाढ्या केल्या. लोक हसले. त्या थांबल्या नाहीत. मी लहानपणी त्यांच्याबद्दल ऐकलं होतं, ते डोक्यात कुठंतरी राहिलं.

माझं लग्न अठराव्या वर्षी झालं. चार वर्षांत नवऱ्यानं टाकलं. मुलीला घेऊन माहेरी आले. भावजया वाईट नव्हत्या, पण दोन जिवांचं खाणं कुणाला जड होत नाही? पार्लरचा कोर्स केला. बचत गटातून कर्ज काढलं, शेकडा दोन रुपये महिना व्याजानं, आणि आठ बाय दहाची खोली भाड्यानं घेतली. भाऊ म्हणाला, "आपल्यात बायका दुकानात उभ्या राहत नाहीत." मी म्हटलं, "आपल्यात बायका उपाशीही राहत नाहीत, नाही का?" वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांची जुनी कैची धार लावून आणून दिली. ती अजून माझ्याकडं आहे.

दारावर पाटी लावली, 'फक्त महिलांसाठी'. त्या पाटीची ताकद मला तेव्हा कळली नव्हती. त्याबद्दल पुढं सांगते.

सुरुवातीला तुमच्या बैठकीला आले तेव्हा एक ताई मला म्हणाल्या होत्या, "तुम्ही बायकांच्या बाहुल्या करता." १९९६ साली बंगळुरूला विश्वसुंदरी स्पर्धा झाली, तिच्याविरुद्ध मोर्चे निघाले, ते वारं अजून होतं. मला राग आला. घरी येऊन रडलेसुद्धा. पण खोटं का बोलू? त्या सगळंच चुकीचं बोलल्या नव्हत्या. माझ्या दरपत्रकावर 'गोरेपणासाठी' असं लिहिलेलं होतं. दहावीतली सावळी पोर, बघण्याचा कार्यक्रम ठरलाय म्हणून आईनं आणायची आणि मी तिच्या कोवळ्या कातडीला ब्लीच लावायची. पोरगी म्हणायची, "झोंबतंय." मी म्हणायची, "थोडं सोसावं लागतं." बाईला सोसायला शिकवणारे घरोघर कमी होते का, की मीही शिकवावं?

पण ताईंना एक माहीत नव्हतं. त्या पार्लरला बाहेरून बघत होत्या. आत काय चालतं ते मी बघत होते.

बाईचे केस बाईचे नसतात, हे मला माझ्या खुर्चीनं शिकवलं. पोरीला बॉब करायचा असतो, आई म्हणते बापाला विचारू. बापाला चालतो, आजीला चालत नाही. लग्न झालं की नवऱ्याचे. सासू म्हणते, शुक्रवारी कापू नको. वेणी किती लांब, भांग कुठं, टिकली केवढी, सगळ्याला घरात मत आहे, फक्त तिला नाही. आणि मी काय करायची? कैची उचलायच्या आधी मीच विचारायची, "घरी विचारलंत का?" कारण नंतर नवरा दारात येऊन भांडायचा. मला धंदा करायचा होता. मला वाटायचं, मी शहाणपणानं वागते.

२००४ साली एक बाई आली. नाव सांगत नाही, सांगणं बरं नाही. केस कमरेपर्यंत. म्हणाली, "खांद्यापर्यंत कापा, मान दुखते." मी नेहमीचा प्रश्न विचारला. ती आरशात माझ्याकडं बघून म्हणाली, "हो, विचारलंय." मी कापले. छान दिसत होती. स्वतःलाच दोनदा वळून बघितलं तिनं.

दोन दिवसांनी परत आली ती डोक्याला स्कार्फ बांधून. सोडला तर एका बाजूचे केस मुळापर्यंत कापलेले, वेडेवाकडे. मागं टाळूवर टेंगूळ. म्हणाली, "सारखे करून द्या." मी सगळं समजले. दुकानात आणखी दोघी होत्या. मी गुमान कैची चालवली आणि शेवटी म्हटलं, "काळजी करू नका ताई, केस काय, पुन्हा वाढतात."

ती म्हणाली, "केसांचं नाही हो."

एवढंच म्हणाली आणि थांबली. ती माझ्या बोलण्याची वाट बघत होती. मैत्रिणींनो, मी काही बोलले नाही. पैसे घेतले नाहीत, तेवढाच माझा मोठेपणा. दोन महिन्यांनी कळलं, ती हात मोडून दवाखान्यात आहे, जिन्यावरून पडली म्हणतात. ती जगली. आता दुसऱ्या गावात लेकरांना घेऊन राहते, कमावते. माझ्याकडं पुन्हा कधी आली नाही. का यावं तिनं?

मी नवऱ्यानं टाकलेली बाई. मला न सांगता कळत होतं. तरी मी गप्प बसले. हे मी आज पहिल्यांदा एवढ्या लोकांसमोर बोलतेय.

त्यानंतर मी तुमच्या शिबिरांना मुद्दाम येऊ लागले. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यातलं चौथं कलम मला तुम्हीच समजावून सांगितलं. एखाद्या बाईवर हिंसा झालीय, होतेय किंवा होईल असं मानायला कारण असेल, तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. शेजारीण कळवू शकते, पार्लरवाली कळवू शकते. चांगल्या हेतूनं कळवलं तर आपल्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. हे ऐकलं तेव्हा माझ्या मनात पहिली तीच बाई आली.

आता मी काय करते, ते सांगते. मोठं काही नाही.

'फक्त महिलांसाठी' ही ती पाटी. माझ्या गावात बाई देवळात गेली तरी सोबत कुणीतरी असतं. दवाखान्यात नवरा डॉक्टरसमोर बसतो. पोलीस चौकीत तर विचारूच नका. पार्लर ही अशी एकच जागा आहे, जिथं बाई तासभर एकटी बसली तर कुणी 'कशाला' म्हणत नाही आणि पुरुष उंबरा ओलांडून आत येत नाही. नवरा फटफटीवर बाहेर बसतो, फार तर हॉर्न वाजवतो. हा तास आपला आहे.

केस धुताना माझी बोटं डोक्यावरून फिरतात. टेंगूळ, खोक, उपटलेल्या केसांची जागा डोळ्यांआधी बोटांना कळते. कळलं की मी दुसऱ्या गिऱ्हाइकांसमोर बोलत नाही. पडदा ओढते, ड्रायर बंद करते आणि एकदाच विचारते, "ताई, हे कशानं झालं?" ती म्हणाली दाराला आपटलं, तर मी वाद घालत नाही. म्हणते, "बरं. कधी सांगावंसं वाटलं तर मी इथंच आहे." सल्ला देत नाही. 'सोडून दे' म्हणत नाही, 'सांभाळून घे' तर मुळीच म्हणत नाही. नंबर हवा असेल तर देते, १८१ किंवा संघटनेचा. घरी कागद सापडू नये म्हणून दरपत्रकाच्या मागं साधे आकडे लिहिते. फोन करायचा तर माझ्या फोनवरून करू देते. दोघींची कागदपत्रं माझ्या कपाटात टॉवेलांखाली होती, त्यांची वेळ आली तेव्हा त्यांनी नेली. आणि ऐकलेलं दुकानाबाहेर जात नाही. पार्लरमध्ये गावगप्पा चालतात हे खरं आहे. म्हणून तर माझ्याकडं काम करणाऱ्या दोन्ही मुलींना मी थ्रेडिंगचा दोरा धरायच्या आधी तोंड धरायला शिकवते.

२०२० साली मार्चमध्ये सगळं बंद झालं, आमची दुकानं २८ जूनला उघडली. तीन महिने कमाई नाही, भाडं चालू. पण फोन वाजत होता. "पोराचे केस घरी कसे कापू?" असं विचारायच्या आणि मग हळू आवाजात दुसरंच बोलायच्या. खुर्ची बंद होती, पण बायकांना नंबर माहीत होता.

जटांबद्दल बोलल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. आपल्या भागात केसांत गुंता झाला, चिकटला, की देवीची जट आली म्हणतात. मग विंचरायचं नाही, कापायचं नाही. काही मुलींना त्यापायी देवाला सोडलेलं आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते जट सोडवण्याचं काम कित्येक वर्षं करतात. त्यांच्याबरोबर मी पहिल्यांदा गेले तेव्हा, खरं सांगते, माझेही हात कापले. समोरची मावशी साठीची. जट मानेवरून खाली लोंबत होती, दोरखंडासारखी जड. ती म्हणाली, "तुला काही झालं तर?" मी म्हटलं, "मावशी, मी न्हाव्याची पोर. केसांचं पाप-पुण्य आमच्या खात्यावर आधीच लिहिलंय." ती हसली. तिथंच निम्मं काम झालं.

टक्कल करावं लागत नाही, हे लोकांना माहीत नसतं. मुळापासून दोन-तीन बोटं केस सोडून थोडं थोडं कापत जायचं, मग उवांचं औषध, शाम्पू, आणि तेल लावून सावकाश विंचरायचं. तासाभराचं काम. झाल्यावर मावशी मानेवरून नुसता हात फिरवत बसली. मग म्हणाली, "वारं लागतंय गं." मी आजवर शेकडो नवऱ्या सजवल्या असतील, पण तसा चेहरा मी दुसरा बघितला नाही.

पण एक सांगते, मी कुणाची जट तिच्या मर्जीविरुद्ध कापत नाही. घरच्यांनी धरून आणली तरी नाही. नाहीतर तिचे केस नवऱ्याच्या ताब्यातून काढून मी माझ्या ताब्यात घेतल्यासारखं होईल.

आमच्या समाजाची एक गोष्ट तुम्हाला माहीत असेल. विधवेचं केशवपन करायचं काम आमच्याच लोकांचं होतं. कोवळ्या पोरींच्या डोक्यावरून वस्तरा फिरवायचा. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे आणि सत्यशोधकांच्या प्रयत्नानं मुंबईत नाभिकांची सभा झाली आणि त्यांनी ठरवलं, हे काम आम्ही करणार नाही. ते शिकलेले नव्हते, पैसेवाले नव्हते. रूढी त्यांनी केली नव्हती, पण रूढीला लागणारा हात त्यांचा होता. तो हात त्यांनी मागं घेतला.

आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. ठरावानं सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. पण आता मुलीच्या लग्नाला विधवा आई माझ्या खुर्चीत बसते. आधी मागच्या दारानं यायची. मी विचारते, "वहिनी, गजरा माळू?" ती आरशात बघते, मग दाराकडं बघते. मी थांबते. घाई करत नाही. कधी ती हो म्हणते, कधी नुसती टिकली चालेल म्हणते.

मलाही वाटतं, माझा हात कुठं लागतो ते मी बघावं. 'गोरेपणासाठी' ही ओळ मी दरपत्रकावरून काढली. शाळकरी पोरींना ब्लीच करत नाही. चार गिऱ्हाइकं गेली, जाऊ देत. आणि तो प्रश्न बंद केला. आता मी फक्त विचारते, "तुम्हाला कसे हवेत?" ऐकायला साधं आहे. पण कित्येक बायका गोंधळतात, उत्तरच सुचत नाही. कुणी विचारलेलंच नसतं ना.

तुम्हा कार्यकर्त्यांकडं एक मागणं आहे. बाया तुमच्या केंद्रावर येतात तेव्हा खूप उशीर झालेला असतो. त्याआधी कितीतरी वर्षं त्या आमच्याकडं भुवया करायला येतात. गावोगाव आता पार्लरं आहेत. त्या चालवणाऱ्या पोरींना कुणी काही शिकवलेलं नाही. त्या २००४ सालच्या माझ्यासारख्या आहेत, दिसतं त्यांना, पण काय बोलावं कळत नाही. त्यांना बाहुल्या करणाऱ्या म्हणू नका, शिबिराला बोलवा.

सोमवारी माझं दुकान बंद असतं. पहिली बैठक माझ्याकडं घ्या. खुर्च्या दोनच आहेत, पण सतरंजी आहे. चहा मी करते.