हा झेंडा आज कोणाच्या हातात आहे?

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरातील भाषणाचा मजकूर)



मित्रमैत्रिणींनो, मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एक सवय लागते. एखादी फाईल आज कशी दिसते एवढ्यावर आम्ही थांबत नाही. तिच्यात कोणी, कधी आणि कशासाठी बदल केला, ती नोंद उघडून बघतो. आज आपण काही झेंड्यांची अशी नोंद उघडून बघणार आहोत.

हा विषय कशासाठी, असं कोणी विचारेल. तुमच्या मोबाईलसाठी. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात टिपू सुलतानच्या चित्राच्या स्टेटसवरून वातावरण पेटलं. दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद झालं. अठराव्या शतकातला एक माणूस, एका मोबाईलवरचं एक चित्र आणि त्यापायी अख्खं शहर वेठीला. जुनी चिन्हं आज जिवंत आहेत, ती अशी. झेंडा हे तर त्यातलं सगळ्यात झटपट पसरणारं चिन्ह. त्याला वाचावं लागत नाही, नुसता दिसला तरी पुरतो.

सुरुवात सीरियापासून करू.

१९३० साली सीरिया फ्रेंचांच्या अंमलाखाली होता. त्या वर्षीच्या राज्यघटनेत एक झेंडा ठरला. वर हिरवा, मध्ये पांढरा, खाली काळा आणि पांढऱ्या पट्ट्यात तीन लाल तारे. १९३२ मध्ये तो फडकला. १९४६ मध्ये शेवटचा फ्रेंच सैनिक देश सोडून गेला, तेव्हा हाच झेंडा स्वतंत्र सीरियाचा झेंडा होता. १९५८ मध्ये सीरियानं नासेरच्या इजिप्तबरोबर एक राष्ट्र केलं आणि लाल-पांढरा-काळा झेंडा आला. १९६१ मध्ये ती जोडी फुटली आणि जुना हिरवा झेंडा परत आला. १९६३ मध्ये बाथ पक्षानं लष्करी बंड करून सत्ता घेतली आणि हिरवा झेंडा पुन्हा उतरला.

पुढची जवळजवळ पन्नास वर्षं तो जुन्या फोटोंत राहिला. २०११ मध्ये असद राजवटीविरुद्ध लोक रस्त्यावर आले, तेव्हा पहिल्या महिन्यांत आंदोलकांच्या हातातही सरकारी झेंडाच होता. वर्ष संपता संपता तो मागे पडला आणि तीन ताऱ्यांचा हिरवा झेंडा पुढे आला. राजवटीचे समर्थक म्हणू लागले, हा तर फ्रेंच गुलामीचा झेंडा. आंदोलक म्हणाले, हा स्वातंत्र्याचा झेंडा.

आता सांगा, खरं कोण बोलत होतं? दोघेही. झेंडा फ्रेंच अंमलात ठरला, हे खरं. त्याच झेंड्याखाली देश स्वतंत्र झाला, हेही खरं. पण आंदोलकांना १९३२ साल परत नको होतं. त्यांना १९६३ च्या आधीचं काहीतरी हवं होतं, असदचा हात न लागलेलं. जुना झेंडा पुन्हा वर येतो तेव्हा तो बहुतेक वेळा असाच निवडलेला असतो. त्याच्यावर काय आहे यापेक्षा त्याच्यावर काय नाही, हे महत्त्वाचं ठरतं. लिबियात २०११ मध्ये गद्दाफीविरोधकांनी १९५१ चा राजेशाहीचा झेंडा काढला, तोही असाच. त्यातल्या बहुतेकांना राजा परत नको होता.

८ डिसेंबर २०२४ ला असद पळाला. काही दिवसांतच नव्या हंगामी पंतप्रधानांच्या मागे दोन झेंडे दिसले. एक तीन ताऱ्यांचा आणि दुसरा कलमा लिहिलेला पांढरा. लोकांनी लगेच प्रश्न विचारला, हा दुसरा कशाला? नंतरच्या मुलाखतीत तो दिसला नाही. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. प्रश्न विचारणाऱ्यांत मुसलमानच मोठ्या संख्येनं होते. कलम्याबद्दल त्यांना आदर नव्हता असं नाही. देश एका गटाचा नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

पण गोष्ट इथं गोड शेवटावर संपत नाही. मार्च २०२५ मध्ये किनारपट्टीवर अलावी समाजाच्या शेकडो माणसांना मारण्यात आलं. जुलैमध्ये सुवैदात द्रूझ समाजावर वेळ आली. झेंडा तोच होता, तीन ताऱ्यांचा, स्वातंत्र्याचा. झेंडा बदलला म्हणून न्याय आपोआप येत नाही, हा या गोष्टीतला कडू भाग आहे आणि तो गाळून ती सांगता येत नाही.

आता काळा झेंडा. हा आपल्या अधिक जवळचा आणि अधिक जड विषय आहे.

हदीसच्या संग्रहांत पैगंबरांच्या काळातल्या काळ्या आणि पांढऱ्या निशाणांचे उल्लेख येतात. पुढे इसवी सन ७४७ मध्ये खुरासानात उमय्या घराण्याविरुद्ध उठाव झाला, तो काळ्या झेंड्यांखाली. ७५० मध्ये अब्बासी सत्तेवर आले आणि काळा हा खिलाफतीचा रंग झाला. म्हणजे तेव्हाही झेंडा धर्माइतकाच राजकारणाचा होता. समोर लढणारेही मुसलमानच होते.

इराकमधल्या ज्या संघटनेतून पुढे आयसिस तयार झाली, तिनं २००७ मध्ये आपला काळा झेंडा जाहीर केला. वर कलम्याचा पहिला भाग आणि खाली पांढऱ्या वर्तुळात तीन ओळी. ते वर्तुळ म्हणजे पैगंबरांच्या मोहोरेची नक्कल. बुखारीत त्या मोहोरेची माहिती येते. चांदीची अंगठी, तिच्यावर तीन ओळी, तीन शब्द. ती कशासाठी घडवली? इतर देशांच्या राजांना पत्रं पाठवायची होती आणि मोहोर नसलेलं पत्र ते स्वीकारत नसत म्हणून.

जरा थांबून विचार करा. जी खूण समोरच्याशी बोलणं सुरू व्हावं म्हणून तयार झाली, ती या लोकांनी गळे कापतानाच्या व्हिडिओवर लावली. सप्टेंबर २०१४ मध्ये जगभरच्या १२० हून अधिक आलिमांनी बगदादीला उद्देशून खुलं पत्र लिहिलं आणि त्याच्या एकेका दाव्याला शास्त्राच्या आधारानं उत्तर दिलं. पण चित्र पत्रापेक्षा वेगानं धावतं. आज काळ्या कापडावर पांढरी अरबी अक्षरं दिसली की विमानतळावरचा माणूस दचकतो. हे नुकसान आपलं आहे. आपल्या घरातली वस्तू चोरीला गेली आणि चोरानं ती वापरून गुन्हा केला. अशा वेळी ‘मूळ तर आमचंच आहे’ असं म्हणून ती डीपीला लावणं हा भाबडेपणा आहे आणि तो महागात पडू शकतो. या संघटनेवर भारतात बंदी आहे आणि कायदा कडक आहे, हे पोरांनो, लक्षात ठेवा.

तिसरा, हिरवा झेंडा आणि चाँद-तारा. तुमच्यापैकी अनेकांना हे इस्लामचं अधिकृत चिन्ह वाटत असेल. कुरआनात नव्या चंद्राचा उल्लेख आहे, तो लोकांसाठी आणि हजसाठी काळ मोजण्याचं साधन म्हणून. झेंड्यावरचा चाँद-तारा मुख्यतः उस्मानी तुर्कांच्या राज्याकडून जगभर पसरला. आणि चंद्रकोर व तारा इस्लामच्या कितीतरी आधीच्या बायझँटियम शहराच्या नाण्यांवरही सापडतात.

आपल्याकडे दर्ग्यावरचा किंवा जुलूसमधला हिरवा झेंडा दिसला की ‘पाकिस्तानी झेंडा’ म्हणून व्हिडिओ फिरतो. पाकिस्तानच्या झेंड्याला काठीच्या बाजूला पांढरा उभा पट्टा आहे, तो तिथल्या अल्पसंख्याकांसाठी. दर्ग्याच्या झेंड्याला तो नसतो. एवढी एक गोष्ट माहीत असली तरी गावातल्या ग्रुपवर शांतपणे, न चिडता उत्तर देता येतं. चिडून दिलेल्या दहा उत्तरांपेक्षा फोटोवर केलेली एक खूण जास्त काम करते.

हे फक्त आपल्याच बाबतीत घडतं असं समजू नका. अमेरिकेत निळ्या फुलीवर पांढरे तारे असलेला लाल झेंडा तुम्ही पाहिला असेल. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या एका फौजेचं ते रणनिशाण. त्या राज्यसंघाचा तो अधिकृत राष्ट्रध्वज कधी नव्हताच. युद्ध १८६५ मध्ये संपलं. १९४८ मध्ये काळ्यांच्या नागरी हक्कांना विरोध करणाऱ्या नेत्यांच्या सभांत तो पुन्हा दिसू लागला. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवला आणि १९५६ मध्ये जॉर्जिया राज्यानं तो आपल्या झेंड्यात घातला. समर्थक म्हणत राहिले, हा आमचा वारसा आहे. पण तारखा बघितल्या की हा वारसा नेमका कधी आठवला, ते कळतं. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाली. त्यानंतरच साऊथ कॅरोलिनाच्या विधानभवनासमोरून तो उतरला.

म्हणून कोणताही झेंडा समोर आला की तीन प्रश्न विचारायचे. पहिल्यांदा कोणी उभारला? मधल्या काळात कुठं होता? आणि आज कोण, कोणासमोर उभारतोय? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

हे प्रश्न फक्त स्वतःच्या सोयीनं वापरायचे नाहीत. वारकऱ्याच्या खांद्यावर भगवी पताका असते. भगवा शिवाजी महाराजांच्या स्वराज्याचा आहे, ज्यात मुसलमान सरदार आणि सैनिकही होते. आणि मशिदीसमोर मुद्दाम थांबून नाचवला जातो तोही भगवाच. कापड एक, अर्थ तीन. भगवा दिसला की तुमच्या मनात धस्स होत असेल, तर त्यामागे अनुभव आहे हे मला मान्य आहे. पण दर्ग्याचा हिरवा आणि पाकिस्तानचा हिरवा यांतला फरक त्यांनी ओळखावा असं आपल्याला वाटतं ना? मग वारीची पताका आणि दंगलखोराचा झेंडा यांतला फरक आपणही ओळखला पाहिजे. मोहरमला ताबुताला खांदा देणाऱ्या आणि पंजांचा मान सांभाळणाऱ्या हिंदू कुटुंबांच्या महाराष्ट्रात हे अवघड जाऊ नये.

शेवटी तिरंगा. ‘त्यातला हिरवा आपला’ असं आपली मुलं अभिमानानं म्हणतात. १९२१ मध्ये गांधीजींसमोर जो नमुना आला, त्यात रंग खरोखर समाजांचे होते. लाल हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा; इतरांसाठी पांढरा गांधीजींनी सुचवला. पण त्यावर वाद झाला, चर्चा झाली आणि १९३१ मध्ये काँग्रेसनं ठराव करून भगवा, पांढरा, हिरवा हे रंग ठरवले. या रंगांना कोणताही जातीय अर्थ नाही, हेही स्पष्ट केलं. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेनं चरख्याच्या जागी चक्र घेऊन तो स्वीकारला. म्हणजे एका झेंड्याचा अर्थ लोकांनी एकत्र बसून, वाद घालून बदलला. कोणाचा तुकडा कोणता, हा हिशेबच संपवला.

म्हणून तिरंग्यातला फक्त हिरवा आपला नाही. भगवाही आपला आहे, पांढराही आणि चक्रही. आणि हिरवा शेजारच्या जोशींचाही आहे. यापुढे कोणी निष्ठेचा पुरावा मागितला, तर एका पट्ट्याकडे बोट दाखवू नका. पूर्ण झेंड्याकडे दाखवा.

आता तुमचे प्रश्न येऊ द्या.