संगणकाची अनेक खाती



मालगुंड येथे केशवसुतांचे स्मारक पाहावयास येणाऱ्या मुलांस एक गोष्ट प्रथम सांगावी लागते: कृष्णाजी केशव दामले व केशवसुत ही नावे दोन, परंतु व्यक्ती एकच. शाळेतील संगणकाचा प्रकार नेमका उलट आहे. तेथे यंत्र एकच. मात्र त्यावर काम करणारी खाती अनेक, आणि प्रत्येक खात्याचे दप्तर निराळे. हा भेद ध्यानी न आल्यास पुष्कळ श्रम वाया जातात.

समजा, शाळेची इंटरनेट-जोडणी प्रॉक्सीमार्फत होते. प्रॉक्सी म्हणजे मध्यस्थ संगणक. बाहेर जाणारी मागणी त्याच्याच हातून जावी लागते. शिक्षकाने आपल्या खात्यात प्रॉक्सीचा पत्ता भरला. बालभारतीचे संकेतस्थळ उघडले. तथापि विषाणूरोधक प्रणालीस नवी माहिती काही मिळेना. ती प्रणाली बिघडली असे मानून शिक्षक ती काढतो, पुन्हा बसवितो. दोष जागच्या जागी राहतो. इकडे दहा हातांतून फिरलेले पेनड्राइव्ह त्याच यंत्रास लागतात, आणि त्यातच मुलांच्या हजेरीच्या व निकालाच्या नोंदी असतात.

याचे कारण असे की, विंडोज प्रणालीत पडद्याआड चालणारी कामे बहुधा शिक्षकाच्या खात्यावर चालत नाहीत. ती ‘लोकल सिस्टम’, ‘लोकल सर्व्हिस’ अथवा ‘नेटवर्क सर्व्हिस’ या खात्यांवर चालतात. टपाल अमुक कचेरीमार्फत पाठवावे, ही सूचना वर्गशिक्षकास दिली आणि रात्रीच्या पहारेकऱ्यास दिलीच नाही, तर तो बंद दारावर थापा मारीत राहणार. तद्वतच हे होय.

उपाय क्रमाने करावा. प्रथम, त्या प्रणालीत प्रॉक्सीची स्वतःची जागा आहे काय, हे पाहावे. असल्यास पत्ता तेथेच भरावा. नसल्यास ‘सर्व्हिसेस’ची यादी उघडून ‘लॉग ऑन ॲज’ या रकान्यात खात्याचे नाव वाचावे. मग प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञापटल उघडून ‘नेटश विनएचटीटीपी शो प्रॉक्सी’ ही आज्ञा रोमन अक्षरांत द्यावी. उत्तरात ‘डायरेक्ट ॲक्सेस’ असे आल्यास यंत्राच्या या सामाईक नोंदीत प्रॉक्सी नाही, असे समजावे. ‘शो’च्या जागी ‘सेट’ लिहून पुढे प्रॉक्सीचा पत्ता, अपूर्णविराम (:) व पोर्ट क्रमांक द्यावा आणि ती सेवा बंद करून पुन्हा सुरू करावी. पडद्याआडच्या पुष्कळ प्रणाली हीच नोंद वाचतात. सर्वच वाचतात असे मात्र नाही.

लिनक्समध्येही तत्त्व तेच. शिक्षकाने आपल्या खात्यात लिहिलेली प्रॉक्सी सिस्टमडीच्या सेवेस आपोआप कळत नाही; ती त्या सेवेच्याच नोंदीत लिहावी लागते.

प्रॉक्सी नाव व परवलीचा शब्द मागत असेल, तर शिक्षकाने आपला शब्द तेथे लिहून ठेवू नये. जाळ्याच्या व्यवस्थापकाकडून त्या यंत्रापुरती सवलत मागावी. पुढे प्रॉक्सी बदलली अथवा काढली, तर ‘सेट’च्या जागी ‘रिसेट’ लिहून जुनी नोंद पुसावी; अन्यथा आजचा उपाय उद्याचा दोष ठरेल.

एका वेळी एकच बदल करावा, आणि तो तारखेसह वहीत टिपावा. पुढे बदलून येणाऱ्या शिक्षकास त्या वहीचा मोठाच आधार होईल.