रांगेबाहेर पडलेल्यांना एक विनंती

(मंडळाच्या संक्रांत स्नेहमेळाव्यातील व्याख्यान, जानेवारी २०२६)



तुमच्या कार्यकारिणीने मला सुरतेतल्या मराठी शाळांवर बोलायला सुचवलं होतं. महानगरपालिकेच्या मराठी शाळेत मी उभी हयात शिकवलं, त्यामुळे त्यावर बोलायला आवडलंच असतं. पण या थंडीत मुलाकडे अमेरिकेत आल्यापासून इथल्या बऱ्याच घरी जेवायला जाणं झालं, आणि पानं वाढली की बोलणं फिरून एकाच ठिकाणी येतं. तुमची तारीख कुठली? व्हिसा बुलेटिन आलं का? कुठवर सरकली? म्हणून मी विषय बदलून मागितला. मी वकील नव्हे. पण तुमच्या ग्रीन कार्डाच्या रांगेचं एक टोक सुरतेत, कतारगामला, माझ्या घरात आहे. तिथून जे दिसतं ते तुमच्यापुढे मांडायचं आहे.

मी मूळचा दोंडाईच्याचा. सुरत-भुसावळ लाइनवरचं गाव. काम हवं असलं की आमच्याकडचा माणूस पॅसेंजरमध्ये बसायचा आणि सुरतेला उतरायचा. लिंबायत, उधना, पांडेसरा इथे आज जी खानदेशी वस्ती आहे ती अशीच आली, कुणी लूमवर, कुणी मिलमध्ये. मला मास्तरकी मिळाली आणि मी कतारगामला खोली घेतली. तेव्हा तिथे अजून वाड्या होत्या. उंधियुत पडते ती पापडी तिथली, तिला अजूनही कतारगामची पापडी म्हणूनच मागतात. मग हिऱ्याचे कारखाने उठले, सौराष्ट्रातली हजारो कुटुंबं आली, आणि आता सकाळी रत्नकलाकारांच्या दुचाक्यांनी रस्ता भरून जातो. आम्ही खानदेशातून आलो, ते काठियावाडातून आले, ओडिशातून माणसं आली. आलो आणि कामाला लागलो. तुमच्या जिल्ह्याचा यंदाचा कोटा संपला, असं सुरतेने कुणालाही सांगितलं नाही.

माझा मुलगा कतारगामला जन्मला. तो काय शिकला, किती वर्षं कर भरतोय, यापेक्षा अमेरिकेच्या लेखी ही एकच गोष्ट मोठी ठरली.

१९९० च्या कायद्याने नोकरीच्या वाटेने वर्षाला १,४०,००० ग्रीन कार्डं ठेवली. बायको-मुलंही याच आकड्यात मोजली जातात, त्यामुळे साधारण निम्मी कार्डं त्यांच्याकडे जातात. शिवाय कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना ७ टक्क्यांच्या वर नाहीत. भारताला ७ टक्के, आइसलंडलाही ७ टक्के. इतरांची उरली तर ती मिळतात, काही वर्षं मिळालीही, पण त्यावर कुणी आयुष्याचा बेत आखू शकत नाही. नागरिकत्व बघत नाहीत, जन्मस्थान बघतात. बायकोचा जन्म मस्कतचा किंवा दुबईचा असला तर नवऱ्यालाही तिच्या जन्मदेशाच्या रांगेतून जाता येतं. शिक्षण तेच, कंपनी तीच, पण एकाचं काम होतं आणि शेजारच्या क्युबिकलमधला अकरा-बारा वर्षं तिथेच असतो.

ही मर्यादा वाईट हेतूने आली नाही, हे मी मान्य करतो. १९२४ च्या कायद्याने आशियातल्या माणसाला दार जवळजवळ बंदच होतं. १९६५ मध्ये तो वंशाचा हिशेब मोडला आणि पुढे सगळ्या देशांना सारखी मर्यादा आली. त्या वेळी तो न्याय होता. नंतर एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर भारतातून लाखोंनी माणसं बोलावली गेली, कंपन्यांना हवी होती म्हणूनच बोलावली गेली, आणि कार्डांचा आकडा मात्र १९९० मध्येच राहिला. कॅटो इन्स्टिट्यूटच्या डेव्हिड बियर यांनी २०२३ मध्ये हिशेब मांडला: नोकरीच्या रांगेत १८ लाख माणसं, त्यांतली ११ लाख भारतीय, आणि नव्याने उभ्या राहणाऱ्या भारतीयासाठी १३४ वर्षांची वाट. सरळ सांगायचं तर नव्याने येणाऱ्याला हा नकार आहे, फक्त तो कुणी तोंडाने देत नाही.

मुलाची रांगेतली तारीख फेब्रुवारी २०१५ ची, ईबी-२ या वर्गातली. म्हणजे त्या दिवशी कंपनीने त्याचं लेबर सर्टिफिकेशन भरलं. कोविडमध्ये वकिलाती बंद पडल्या, कुटुंबाच्या वाट्याची कार्डं उरली आणि ती कायद्याप्रमाणे पुढच्या वर्षी नोकरीवाल्यांकडे आली. त्या एका वर्षात सुमारे २,६२,००० कार्डं होती. मुलाचा फोन आला, "बाबा, तारीख पळतेय. जन्मदाखला काढून ठेवा." दाखला बघितला तर त्यावर नावच नाही. आईबापाचं नाव, तारीख, लिंग, आणि नावाच्या जागी रेघ. त्या काळी दवाखान्यातून नोंद जायची, नाव नंतर चढवायचं असायचं, आमच्याकडून ते राहिलं होतं. मी झोन ऑफिसात जाऊन नाव चढवलं, गुजराती दाखल्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं, त्याच्या आत्याचं आणि मामाचं प्रतिज्ञापत्र केलं की हा मुलगा आमच्या माहितीत, अमुक दिवशी, कतारगाम मुक्कामी जन्मला. वय झालेली दोन माणसं नोटरीसमोर सही करायला मास्क लावून उभी होती. सगळं फोल्डरमध्ये घालून कुरिअर केलं.

रांगेच्या तारखा दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये जाहीर होतात. ऑक्टोबर २०२० च्या बुलेटिनमध्ये ईबी-३ ची, म्हणजे ईबी-२ वाल्यालाही जाता येईल अशा शेजारच्या वर्गाची, अर्ज भरण्याची तारीख १ जानेवारी २०१५ आली. आमची फेब्रुवारीची. त्या वर्षी वेळेत न दिली गेल्यामुळे सुमारे ६६,००० कार्डं नोकरीवाल्यांच्या हातून गेली. मग सप्टेंबर २०२२ मध्ये ईबी-२ ची तारीख १ डिसेंबर २०१४ पर्यंत पोचली. आता पुढच्या खेपेला आपलं काम होणार, असं आम्ही धरून चाललो. पुढच्या महिन्यात ती १ एप्रिल २०१२ वर आली, आणि २०२३ च्या एप्रिलात १ जानेवारी २०११ वर. तारीख पुढे जाते तशी मागेही येते, हे कतारगामच्या शेजाऱ्यांना समजावताना माझी पुरेवाट झाली. त्यांच्याकडे भावाने भावासाठी टाकलेली फाइल असते, तीही वर्षानुवर्षं चालते, पण तोवर माणूस आपल्या घरी, आपल्या धंद्यात असतो. आपली मुलं इथे घर मांडून बसलीत. गेल्या ऑक्टोबरात ईबी-२ ची तारीख होती १ एप्रिल २०१३. २०२२ च्या सप्टेंबरात ती जिथे होती तिथे अजून पोचलेली नव्हती.

वाट बघणं म्हणजे नुसतं बसणं असतं तर माणसाने निभावून नेलं असतं. नोकरी गेली तर हातात ६० दिवस. २०२२ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी माणसं काढली तेव्हा या दिवसांची मोजणी कितीतरी मराठी घरांत झाली. दुसरी नोकरी घेतली तर तारीख टिकते, पण लेबर सर्टिफिकेशनपासून सगळं पुन्हा, म्हणून चांगली संधी आली तरी माणूस दहादा विचार करतो. सूनबाई आमच्या वीर नर्मद विद्यापीठाची मायक्रोबायॉलॉजीची एम.एस्सी. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्यामागून मिळणाऱ्या व्हिसावर, आली आणि हुशार पोरगी कित्येक वर्षं घरात बसली. मे २०१५ पासून एच-फोरवाल्यांना काम करायची वाट मिळाली, तीही लगेच कोर्टात ओढली गेली. दहा वर्षांनी, गेल्या ऑक्टोबरात, सुप्रीम कोर्टाने ते प्रकरण ऐकायला नकार दिला आणि परवानगी टिकली. त्याच महिन्याच्या अखेरीस कामाच्या परवान्याची आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली. असं एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने जातं.

धाकट्या मुलीच्या लग्नाला मुलगा आला नाही. व्हिसाचा शिक्का संपला होता, मुंबईच्या वकिलातीत नवा वेळेत मिळेल याची खात्री नव्हती. तेव्हा नातेवाइकांनी नावं ठेवली. गेल्या डिसेंबरात भारतातल्या वकिलातींनी एच-वन-बी आणि एच-फोरच्या ठरलेल्या भेटी एकदम महिनोन्महिने पुढे ढकलल्या, घरच्या कार्याला गेलेली माणसं तिकडे अडकली, तेव्हा त्याच नातेवाइकांनी मला फोन करून सांगितलं की तो आला नाही तेच बरं केलं.

पण मी आज उभा आहे तो नातीमुळे. ती सुरतेत जन्मली, तीन वर्षांची असताना इथे आली. नातू इथला, जन्माने अमेरिकन. एका ताटात जेवणारी दोन भावंडं, आणि दोघांचे कागद निराळे. नात एकविसाची झाली की आईबापांच्या अर्जातून तिचं नाव गळतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये वय मोजण्याची रीत अशा मुलांच्या बाजूने बदलली होती, ऑगस्ट २०२५ मध्ये ती पुन्हा फिरवली. नात आता सतरा वर्षांची आहे. परवा मला म्हणाली, "आजोबा, मला जावं लागलं तर मी राहू कुठे?" मी म्हटलं, "कतारगामला, आपल्या घरी." ती म्हणाली, "ते तुमचं घर आहे." तिला मी काही उत्तर देऊ शकलो नाही.

पण आवाज उठवला तर फरक पडतो, याच्या दोन गोष्टी सांगतो. इथे बसलेल्यांपैकी काहींना २००७ चा जुलै आठवत असेल. बुलेटिन म्हणालं, सगळ्यांच्या तारखा खुल्या. माणसांनी धावपळ करून वैद्यकीय तपासण्या केल्या, अर्ज भरले, आणि २ जुलैला सांगण्यात आलं की आता कार्डं शिल्लक नाहीत. तेव्हा 'लगे रहो मुन्नाभाई' नुकताच येऊन गेला होता, त्यातली फुलं पाठवण्याची गांधीगिरी ताजी होती. १० जुलैला इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांच्या कार्यालयात शेकडो पुष्पगुच्छ पोचले. प्रमुख एमिलिओ गोन्झालेस यांनी ती फुलं वॉल्टर रीड इस्पितळात जखमी सैनिकांकडे पाठवली. सॅन होजेला मोर्चा निघाला. १७ जुलैला खात्याने निर्णय फिरवला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले. त्या महिन्यात ज्यांनी अर्ज भरला त्यांतले कितीतरी आज नागरिक आहेत.

दुसरी गोष्ट २०१७ ची. कॅन्ससमध्ये ओलेथा इथे श्रीनिवास कुचिभोटला यांना गोळी घालून मारलं. पत्नी सुनयना दुमाला अंत्यसंस्कारासाठी हैदराबादला गेल्या, आणि नवरा गेल्याबरोबर त्याच्या आधारावरचा त्यांचा इथे राहण्याचा हक्कही गेलेला होता. त्यांचा परतीचा मार्ग मोकळा झाला तो तिथले काँग्रेसमन केव्हिन योडर मध्ये पडले म्हणून. लोकप्रतिनिधी हलला की कागद हलतो, हे सुरतेत खरं आहे तसंच इथेही.

कायदा बदलण्याच्या किती जवळ आपण आलो होतो, हेही लक्षात ठेवा. देशनिहाय मर्यादा काढणारं विधेयक २०११ मध्ये प्रतिनिधीगृहात ३८९ विरुद्ध १५ मतांनी मंजूर झालं आणि सिनेटमध्ये पडून राहिलं. २०१९ मध्ये पुन्हा ३६५ विरुद्ध ६५. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने आपलं विधेयक एकमताने मंजूर केलं, पण दोन्ही सभागृहांच्या मसुद्यांचा मेळ बसायच्या आत काँग्रेसची मुदत संपली. नुसती मर्यादा काढली तर फिलिपिन्सच्या नर्सला आपल्यामागे थांबावं लागेल, आणि तिचं म्हणणंही खोटं नाही. म्हणून माझ्या मते मागणी दोनच गोष्टींची असावी: बायको-मुलं १,४०,००० मध्ये मोजू नका, आणि वाया गेलेली कार्डं परत द्या. याने कुणाच्या ताटातलं काढून घेतलं जात नाही. कुणी म्हणेल, एवढा त्रास आहे तर परत का येत नाहीत? ज्यांना यायचं त्यांनी जरूर यावं, आमची घरं आहेत. पण जिच्या आठवणीत कतारगाम नाही त्या पोरीला असं घालवू नये.

आता विनंती. जे रांगेत आहेत त्यांना मत नाही. त्यांनी लोकप्रतिनिधीला फोन केला तर कार्यालय पहिला प्रश्न विचारतं, तुम्ही मतदार आहात का? मतदार तुम्ही आहात, २००७ च्या आणि त्याआधीच्या मंडळींनो. कार्ड हातात आल्यावर या विषयाचा कंटाळा येणं मी समजू शकतो, पण तुमच्या मुलांबरोबर गणपतीत लेझीम खेळणारी ही रांगेतल्यांची पोरं आहेत. मंडळ धर्मादाय संस्था आहे, कुणा उमेदवाराचा प्रचार त्याला करता येत नाही, हे मला अध्यक्षांनी सांगितलं. नागरिकाने आपल्या प्रतिनिधीला भेटायला मात्र कुणाची आडकाठी नाही. कार्यकारिणीला माझं सांगणं असं की पाडव्याच्या कार्यक्रमाची बैठक होईल तेव्हा हा विषय घ्या. कोण कुठल्या मतदारसंघात मत देतो याची यादी करा, दहा-बारा जणांच्या गटाने वेळ मागा, आणि जाताना अठरा-एकोणीस वर्षांची ही पोरं बरोबर न्या. येत्या नोव्हेंबरात प्रतिनिधीगृहाची निवडणूक आहे. ते मतं मागायला तुमच्याकडे यायच्या आधी तुम्ही त्यांच्याकडे जा.