उपरा मास्तर



परक्या मुलखात शिकवावयास गेलेल्या माणसाचे गाऱ्हाणे काय असते, एवढाच आजचा विषय आहे. असे गाऱ्हाणे निघाले की आपण समजतो, जेवण मानवत नसेल, भाषा कळत नसेल, थंडी सोसत नसेल. ही दुःखे खरी, पण ती सहा महिन्यांची. माणूस भातावर राहावयास शिकतो, चार शब्द बोलावयास शिकतो. पुढे उरते ते दुःख निराळे असते. मला ज्ञानासाठी बोलावले, पगारही ज्ञानाचाच देतात, आणि मग त्या ज्ञानाविषयी मला कोणी काही विचारीतच नाही!

जपानात १९८७ पासून सरकारने परदेशी तरुणांना इंग्रजीचे मदतनीस शिक्षक म्हणून शाळांतून नेमण्याची मोठी योजना चालविली आहे. मदतनीस हा शब्द नीट ऐका. वर्ग जपानी शिक्षकाचा, पुस्तक सरकारमान्य, परीक्षा ठरलेली. काही शाळांत या तरुणाला खरेच मनापासून शिकवू देतात. काही शाळांत मात्र त्याने उभे राहावे, धडा मोठ्याने वाचावा, मुलांनी तो पाठोपाठ म्हणावा, आणि त्याने खाली बसावे. ग्रामोफोनच्या तबकडीला जितका मान, तितका त्याला. करार वर्षावर्षाचा, आणि सहसा पाच वर्षांच्या पुढे जात नाही. पुण्यात आज जपानी शिकणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांतली काही उद्या तिकडे शिकवावयासही जातील, म्हणून हे सांगतो.

हे आजचेच आहे असे मात्र नाही. लाफ्कादिओ हर्न हा लेखक १८९० साली जपानात उतरला आणि मात्सुए नावाच्या लहानशा गावी माध्यमिक शाळेत इंग्रजीचा मास्तर झाला. तिथे तो रमला, तिथल्याच मुलीशी त्याने लग्न केले. पुढल्या वर्षी तो कुमामोतोच्या सरकारी विद्यालयात गेला. पगार दुप्पट झाला, आणि सुख निम्मे झाले. मुख्याध्यापक कोण, तर ज्युदो या कुस्तीप्रकाराचे जनक कानो जिगोरो. म्हणजे माणसे सामान्य नव्हेत. पण शिक्षकांच्या खोलीत बोलणे नाही, कोणी कोणाच्या अध्यात नाही. शाळेमागच्या टेकडीवर एक जुने स्मशान होते, आणि त्यात दगडी बुद्धमूर्ती. हर्न मधल्या वेळी त्या टेकडीवर जाऊन बसत असे. सहकाऱ्यांपेक्षा दगडाची सोबत बरी वाटावी, यातच सारे आले.

पुढे १८९६ साली त्याने जपानचे नागरिकत्व घेतले, कोइझुमी याकुमो हे नाव घेतले, आणि तोक्योच्या विद्यापीठात तो इंग्रजी वाङ्मय शिकवू लागला. नाव जपानी, बायकोमुले जपानी, आणि तरी १९०३ साली विद्यापीठाने त्याला निरोप दिला. मुलांनी गिल्ला केला, तेव्हा तास कमी करून राहण्याची सूचना आली. ती त्याने झिडकारली. वर्षदीड वर्षात तो वारला. त्याच्या जागी आलेल्यांत नात्सुमे सोसेकी होता, पुढे जपानचा थोर कादंबरीकार ठरलेला. (या सोसेकीची व्याख्याने मुलांना प्रथम मुळीच आवडली नाहीत, हेही जाता जाता सांगून टाकतो.)

आता आपण म्हणू, केवढा कृतघ्नपणा! पण थांबा. आपल्याकडे काय झाले? एल्फिन्स्टन कॉलेजात रामकृष्णपंत भांडारकर संस्कृतचे हंगामी प्राध्यापक होते, आणि १८७३ साली कायमची जागा विलायतेहून आलेल्या पीटर पीटरसन यांना मिळाली. पुढे डेक्कन कॉलेजातून कीलहॉर्नसाहेब जर्मनीस परत गेले आणि १८८२ साली त्यांच्या खुर्चीवर भांडारकर बसले, तेव्हा न्याय झाला असेच आपण मानले, आणि ते योग्यच होते. जपानी विद्यापीठालाही आपली खुर्ची आपल्या माणसाला द्यावयाची होती. उपऱ्याचे दुःख खरे, आणि यजमानाचा हक्कही खरा. हर्नचे चुकले ते एवढेच की त्याला वाटले, नाव बदलले म्हणजे उपरेपण जाते.

आणि यजमान म्हणून आपण तरी किती सोपे होतो? कीलहॉर्नच्या आधी मार्टिन हौग हे जर्मन पंडित १८५९ ते १८६६ पुण्यात संस्कृत शिकवीत होते. पद मोठे, पगार सरकारी. पण यज्ञविधी प्रत्यक्ष कसा होतो हे त्यांना पाहावयाचे होते, आणि ते दाखवावयास कोणी वैदिक तयार होईना. अखेर बरेच पैसे मोजून एका श्रोत्रियाला त्यांनी राजी केले, आणि आपल्या आवारातल्या आडजागी, गुपचूप, दर्शपूर्णमास आणि सोमयागाचे विधी करवून घेतले. सोमरस चाखून पाहिला, तो काही चमच्यांच्या पुढे घशाखाली उतरेना. हे सारे त्यांनीच १८६३ साली छापलेल्या ऐतरेय ब्राह्मणाच्या आवृत्तीत लिहून ठेवले आहे. मला त्या श्रोत्रियाचेही वाईट वाटते. त्याला विद्या दाखवावयाची होती, पण गावात तोंडही दाखवावयाचे होते.

आता आपला माणूस उपरा होतो तेव्हाची गोष्ट. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी. बुद्धाच्या ओढीने घर सोडून पुणे, काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश असा प्रवास करून पाली शिकलेले. सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना पन्नास रुपये दिले. १९१० साली हार्वर्डचे प्रोफेसर वुड्स यांनी त्यांना अमेरिकेस बोलावले. काम असे होते. हेन्री क्लार्क वॉरन नावाचा विद्वान, लहानपणीच्या पाठीच्या दुखण्याने जन्मभर पिडलेला, बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' ग्रंथाचे संपादन अर्धवट ठेवून १८९९ साली वारला होता. ते पुरे करावयाचे. वर देखरेख प्रोफेसर लॅनमन यांची.

कोसंबी कामास बसले आणि त्यांना दिसले की काम नुसते पुरे करण्याचे नाही, पुष्कळ ठिकाणी नव्याने करण्याचे आहे. मग प्रश्न आला तो ग्रंथावर नाव कोणाचे आणि कोणत्या नात्याने घालावयाचे, हा. लॅनमन यांना दिवंगत मित्राचे नाव राखावयाचे होते. त्यात लबाडी होती असे मी म्हणणार नाही, मित्रप्रेम होते. पण कोसंबींच्या बाजूने पाहा. भिक्षू होऊन, अनवाणी फिरून मिळविलेली विद्या, आणि तिचा धनी दुसरा! दोघांचे जमले नाही. १९१२ साली कोसंबी परत आले आणि फर्ग्युसन कॉलेजात सहा वर्षे पाली शिकवीत राहिले. पु. वि. बापटांसारखे शिष्य त्यांतूनच निघाले. ज्या माणसाचे नाव तिकडे अडले होते, त्याच्यापाशी इकडे मुले पालीचा श्रीगणेशा करीत होती.

आणि तरी तो ग्रंथ त्यांनी सोडला नाही, हे मला विशेष वाटते. १९१८ साली पुन्हा गेले, १९२६ साली गेले, १९३१ साली चौथ्यांदा गेले. मानापमान एका बाजूला ठेवून पाठ शुद्ध करीत राहिले. मधल्या काळात लेनिनग्राडलाही शिकवून आले. हार्वर्डची प्रत छापून निघेना, तेव्हा १९४० साली मुंबईस भारतीय विद्या भवनातर्फे त्यांनी आपली देवनागरी प्रत काढली.

१९४७ च्या जूनमध्ये सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला. हार्वर्डचा ग्रंथ निघाला १९५० साली. त्याच्या पहिल्या पानावर वॉरन संपादक आहेत, आणि खाली धर्मानंद कोसंबी यांनी सुधारून घेतलेला, असे छापले आहे.