यू मुंबा आणि दहावी ‘ब’चं भांडण



26 डिसेंबर 2024ला बालेवाडीत पाटणा पायरेट्सनी आपल्या यू मुंबाला 31-23 असं हरवून बाहेर काढलं. तेव्हा वर्गाच्या ग्रुपवर पेटलेलं भांडण आजच्या चहापर्यंत विझलेलं नाही. अर्धे म्हणतात, 2015 साली बेंगळुरू बुल्सला 36-30 हरवून कप आणला तो अनुपकुमारचा संघ. आता तसाच मोठा खेळाडू विकत घ्या. बाकीचे म्हणतात, थांबा.

मी थांबा म्हणणाऱ्यांतला. 2019ची उपांत्य लढत बंगाल वॉरियर्सकडून 37-35 अशी गेली. दोन गुण! त्यानंतरचे तीन हंगाम बाद फेरीच नाही. 2024च्या हंगामात अजित चव्हाणसारख्या नव्या पोराच्या चढायांवर आपण तिथवर पोचलो. अयान आणि देवांकला आवरता आलं नाही, हे कबूल. पण म्हणून संघच मोडायचा?

सर पहिल्या रांगेत बसलेत म्हणून सांगतो. त्यांनी मला दोन वर्षं राखीव ठेवलं आणि मग कोपरारक्षक केलं. पकडीची घाई केली की मैदानभर ऐकू जाईल असे ओरडायचे. (अजून दचकतो.)

त्या हंगामात मुंबईत एकही सामना नव्हता. मुलुंडहून बालेवाडीला आपण चौघेच गेलो. स्टार मागणाऱ्यांतला त्यात एकही नव्हता! पुढच्या हंगामाची तिकिटं मी काढतो. नावं आजच द्या, भांडण गाडीत करू.